अर्ध्या पोस्टकार्डाएवढी जागा : मोटारसायकलच्या टायरविषयी प्रस्तावना

मोटारसायकलच्या टायरविषयी जगात जे गंभीर लेखन झालं आहे, त्यातलं बरंचसं चांगल्या कोरड्या डांबरावर, वेगात, वळणावर झुकलेल्या एकट्या स्वाराला समोर ठेवून झालेलं आहे. मुलचेऱ्यात गाडी चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची गाडी शंभर-सव्वाशे सीसीची, वेग चाळीस ते साठ, मागे बायको, कॅरियरला धानाचा कट्टा, आणि वाट अर्धी डांबरी, अर्धी मुरमाची. त्यानं कोणता टायर घ्यावा याचं उत्तर या शास्त्रात आहे, पण आयतं लिहून ठेवलेलं नाही. ते काढावं लागतं. पुढच्या पानांत ते काढायचा प्रयत्न आहे. वाचकाला त्यासाठी इंजिनिअरिंग यायची गरज नाही. त्रैराशिक येत असलं आणि स्वतःच्या गाडीच्या चाकाशी दोन मिनिटं उकिडवं बसायची तयारी असली की भागतं.

विषयाची सुरुवात मुलचेऱ्यापासून करण्यामागे कारण आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या या दक्षिण भागात रेल्वे नाही, एसटी मोजकी, आणि गावं जंगलात विखुरलेली. १९६० च्या दशकापासून इथे वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती, माडिया-गोंड पाडे, तेलुगू बोलणारी सीमेकडची माणसं आणि मराठी शेतकरी, सगळ्यांचा बाजार, दवाखाना, तहसील आणि सोयरीक दुचाकीवर चालते. मार्च-एप्रिलात मोहफुलं, त्यामागोमाग तेंदूपत्ता, दिवाळीनंतर धान, आठवडी बाजाराला मासळी आणि भाजी. एकाच टायरावरून वर्षभरात इतकी वेगवेगळी ओझी आणि इतक्या तऱ्हेची जमीन जाते, की कंपनीच्या चाचणी-मैदानावरसुद्धा एवढं वैविध्य असेल असं मला वाटत नाही.

जमिनीपासून सुरुवात करू. जुन्या चांदा जिल्ह्यात शेतकरी मातीला नावानं ओळखतात. कन्हार म्हणजे काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. बरडी म्हणजे खडकाळ, मुरमाड. ही नावं महसुलाच्या आणि पिकाच्या कामासाठी पडली, पण टायर निवडायलाही तितकीच उपयोगी आहेत. बरड जमिनीवर, मुरमावर टायरच्या खाचांना धरायला काहीतरी सापडतं. तिथे थोडी उघडी, ठोकळ्यांची नक्षी कामाची. कन्हारात पाऊस पडला की पंचवीस-तीस पावलांत खाचा भरतात आणि टायर कोणताही असो, बाहेरून गुळगुळीतच होतो. त्यात ‘बटन टायर’ घातलेला असेल तर आणखी एक अडचण. छोट्या गाडीच्या मडगार्डमध्ये जागा बेताची असते, उंच बटनं गारा उचलून वर नेतात आणि चाक जाम होतं. कन्हारासाठी टायर शोधत बसू नये. काडी घेऊन उतरावं, मडगार्ड मोकळं करावं आणि गाडी ढकलत न्यावी.

तिसरी जमीन डांबराची, आणि तीही एकसारखी नाही. साकोलीहून गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत सिरोंच्याला जाणारा ३५३-सी राष्ट्रीय महामार्ग कुठे नवा आहे, कुठे गिट्टी उखडलेला. एटापल्लीच्या सुरजागडहून लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांनी आलापल्ली-आष्टी पट्ट्यात लाल भुकटी पसरलेली असते. कोरडी असताना ती डोळ्यांत जाते, पहिल्या पावसात तिचा लगदा होतो. गावातले सिमेंटचे रस्ते घोटून गुळगुळीत झालेले. यातल्या प्रत्येक ठिकाणी घसरण्याचं कारण निराळं आहे, आणि इथूनच खऱ्या शास्त्राला सुरुवात होते.

शाळेत शिकवतात की घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं आणि टेकलेल्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नसतो. लाकूड, लोखंड यांना हे बऱ्यापैकी लागू पडतं. रबराला नाही. के. ए. ग्रॉश यांनी १९६३ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात रबराचं घर्षण त्याच्या लवचीक-चिकट स्वभावातून कसं येतं ते दाखवलं. पकडीचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे रबर पृष्ठभागाला अक्षरशः चिकटतं. दुसरा म्हणजे गिट्टीच्या बारीक टोकांवरून जाताना ते दबतं, परत फुगतं, आणि त्या दबण्या-फुगण्यात ऊर्जा खर्ची पडते. मध्ये पाण्याचा, धुळीचा किंवा डिझेलचा पापुद्रा आला की पहिला मार्ग बंद होतो. उरतो दुसरा, आणि त्याला खडबडीत पृष्ठभाग लागतो. म्हणून ओल्या खरखरीत डांबरावर ठीकठाक थांबणारी गाडी ओल्या गुळगुळीत सिमेंटवर थांबत नाही. टायर तोच, स्वार तोच.

याच स्वभावातून आणखी एक गोष्ट निघते, आणि आपल्याकडच्या स्वारासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. रबरावर दाब जसा वाढतो, तशी पकड वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. थोडी मागे राहते. ओझं दुप्पट झालं तर पकड दुपटीपेक्षा कमी होते. एकट्यानं जाताना ज्या वळणाला, ज्या अंतरावर ब्रेक लावून भागतं, ते अंतर डबलसीट आणि कट्ट्यासकट कमी पडतं. ‘वजन आहे, गाडी जमिनीला धरून राहील’ हा समज अर्धाच खरा आहे. एबीएस असलेल्या गाडीनंही यात फरक पडत नाही. ती यंत्रणा चाक जाम होऊ देत नाही, नसलेली पकड कुठून आणणार?

जमिनीला टायर नेमका किती टेकतो? ढोबळ हिशेब सोपा आहे. मागच्या चाकावर १५० किलो आणि टायरात ३० पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो, तर टेकलेली जागा सत्तरेक चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्डाच्या अर्ध्याहून जरा जास्त. सगळं शास्त्र, सगळ्या जाहिराती आणि पंक्चरच्या दुकानातली सगळी भांडणं या एवढ्याशा जागेविषयी आहेत.

आता टायरच्या बगलेवर लिहिलेलं वाचायला शिकू. समजा ‘८०/१००-१८ एम/सी ५४पी’ असं आहे. ८० ही मिलिमीटरमध्ये रुंदी, १०० म्हणजे बगलेची उंची रुंदीच्या शंभर टक्के, १८ ही इंचांत रिम. ‘एम/सी’ म्हणजे मोटारसायकलच्या रिमसाठी. पुढचे ५४ आणि पी मात्र दुकानात कुणी बघतच नाही. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. मुलचेऱ्याच्या रस्त्यांवर त्याची चिंता करायचं कारण नाही. ५४ हा भारांक आहे आणि त्याचा अर्थ २१२ किलो. ४७ असेल तर १७५. जुन्या पद्धतीच्या टायरांवर, म्हणजे ‘२.७५-१८’ किंवा ‘३.००-१७’ वर, याऐवजी ४ पीआर, ६ पीआर असं असतं. तो थरांचा नेमका आकडा नसतो. सुती थरांच्या काळातल्या ताकदीचं ते माप अजून चालू आहे.

हिशेब करून बघा. गाडी ११२ किलो, त्यातलं निम्मं मागच्या चाकावर. चालवणारा साठ किलो, त्यातला अर्ध्याहून जास्त भार मागे. मागे बसलेला साठ किलो, जवळजवळ सगळाच मागे. कॅरियरला धानाचा ४० किलोचा कट्टा, तो तर धुऱ्याच्याही मागे. बेरीज १८५-१९० च्या घरात जाते. २१२ ची मर्यादा अजून शाबूत आहे. यात तिसरा माणूस बसवला की ती ओलांडली. आणि भारांकाची ही हमी टायरात पूर्ण हवा असेल तरच. आठवड्यामागून आठवडे हवा न बघितलेल्या टायरात तो आकडा कागदावरचाच समजायचा.

म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण नक्षीचं किंवा कंपनीचं नाही, हवेचं आहे. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे २५ पीएसआय, मागे एकट्यासाठी २८ च्या आसपास आणि दोघांसाठी त्याहून बरीच जास्त हवा लागते. नेमका आकडा चेनकव्हरवर, स्विंगआर्मवर किंवा पुस्तिकेत असतो. आपल्याकडे रीत अशी, की दुकानदार अंगठ्यानं दाबून बघतो आणि दोन्ही चाकांत सारखीच ‘टाइट’ हवा मारतो. पुढचं चाक त्यामुळे उखडलेल्या गिट्टीवर उड्या मारतं आणि हँडल हलकं होतं. मागचं मात्र ओझ्याच्या मानानं कमीच राहतं. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो. ताशी ५० च्या वेगाला चाक सेकंदाला सातेक वेळा फिरतं, म्हणजे बगलेचा प्रत्येक भाग तितक्या वेळा दुमडतो आणि उलगडतो. त्या वाकण्याची उष्णता होते, रबर आणि आतल्या दोऱ्यांमधला जोड कमकुवत होतो. मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीकडे पारा पंचेचाळिशी गाठतो आणि डांबर त्याहून बरंच तापतं, तेव्हा या उष्णतेला बाहेर पडायला वाटच राहत नाही.

इथे एक बारकावा. दर १० अंश तापमानामागे हवेचा दाब साधारण दीड पीएसआयनं वाढतो. पहाटे मोजून भरलेली हवा दुपारी तीन-चार पीएसआयनं जास्त दिसते, आणि काही जण ती सोडून देतात. सोडू नये. आकडे थंड टायरासाठी दिलेले असतात, वाढ त्यात धरलेली असते. शंभर-दोनशे रुपयांचं गेज खिशात असलं की या विषयातलं निम्मं ज्ञान हाताशी असतं, आणि ते विकत घ्यायला लोक ज्या कुरकुरीनं तयार होतात त्याचं मला कायम नवल वाटत आलं आहे. तेवढ्याच पैशांत सीटकव्हर मात्र हसत घेतात.

मागे ओझं आणि पुढे हलकं हँडल यांचं नातं शास्त्रानं उशिरा उलगडलं. १९७१ साली आर. एस. शार्प यांनी मोटारसायकलच्या स्थैर्यावर निबंध लिहिला आणि गाडीच्या तीन मूळ हालचाली गणितानं वेगळ्या काढल्या: एका बाजूला हळूहळू पडणं, संपूर्ण गाडीचं डोलणं, आणि हँडलचं वेगानं थरथरणं. मागे भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे तीसेक किलो, आडवा बांधून निघालेल्या कुणालाही यातल्या दुसऱ्या हालचालीची ओळख करून द्यावी लागत नाही. डोलण्यात टायरचा वाटा मोठा असतो, आणि मागचा टायर मऊ असला तर ते लवकर सुरू होतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे हान्स पासेयका यांनी टायरवर येणाऱ्या बलांचं जे सूत्र बसवलं, ते आज जगभर वापरलं जातं. पादुआ विद्यापीठातले व्हित्तोरे कोस्साल्तेर यांनी मोटारसायकलच्या गतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला. ज्याला पुढे जायचं आहे त्यानं या तीन नावांवरून सुरुवात करावी. गणित जड आहे, आकृत्या मात्र कुणालाही वाचता येतील अशा आहेत.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना चुकीचा माहीत असतो. हवेच्या टायरचं श्रेय बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपला दिलं जातं, १८८८ साल. पण रॉबर्ट विल्यम थॉमसननं १८४५ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा सायकल नव्हती, घोडागाडीवाल्यांना गरज वाटली नाही आणि कल्पना विरून गेली. पुढे डनलॉपचं पेटंट थॉमसनच्या या आधीच्या पेटंटामुळेच रद्द झालं. आपल्याकडचा धागा जवळचा आहे. इटलीतल्या तुरीनमध्ये १९२४ साली निघालेली सीएट १९५८ मध्ये मुंबईत आली, आणि तिचा दुचाकी टायरांचा कारखाना २०१६ पासून नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत. रबराच्या झाडापासून टायरापर्यंतचा सगळा प्रवास महाराष्ट्रातच बघायला मिळतो, हे बऱ्याच मराठी माणसांना ठाऊक नसतं.

रबराच्या मिश्रणाचं प्रकरण सगळ्यांत रंजक आहे आणि सगळ्यांत जास्त भूलथापाही तिथेच आहेत. कमी इंधन खाणं, ओल्यात धरणं आणि जास्त किलोमीटर टिकणं या तीन गोष्टी एकमेकींना ओढतात. मऊ रबर धरतं पण झिजतं. कडक रबर टिकतं पण पावसात दगा देतं. टायर टेकताना रबर सेकंदाला काही वेळाच वाकतं, घसरताना मात्र गिट्टीच्या बारीक टोकांमुळे हजारो वेळा. या दोन वेगांना रबरानं वेगवेगळं वागावं अशी युक्ती काजळीच्या जोडीला सिलिका घालून साधली गेली, आणि १९९० च्या दशकापासून ओढाताण थोडी सैल झाली. संपली नाही. एखादा टायर तिन्ही बाबतींत ‘बेस्ट’ आहे असं कुणी सांगितलं, तर त्यानं काय दडवलं ते शोधावं.

मग निवड कशी करायची? माझं मत असं की स्वारानं आधी ठरवावं, यातलं काय गमावायला आपण तयार आहोत. मुलचेऱ्यातल्या, वर्षभर ओझं वाहणाऱ्या, पावसाळ्यात रपट्यांवरून आणि ओल्या सिमेंटवरून जाणाऱ्या माणसानं टिकाऊपणातले काही हजार किलोमीटर सोडावेत आणि ओल्यातली पकड घ्यावी. पुढे रिब किंवा मध्यम खाचांची नक्षी, मागे ठोकळ्यांची पण फार उघडी नसलेली. भारांक कंपनीनं दिला त्यापेक्षा कमी नको, मिळाला तर एक पायरी वरचा. रुंद टायरचा मोह टाळावा. अरुंद रिमवर तो चिमटला जातो, त्याचा गोलावा बिघडतो आणि गाडी वळायला जड होते.

पुढच्या टायरविषयी दोन शब्द वेगळे. आपल्याकडे मागचा दोनदा बदलतात तेव्हा पुढचा एकदाही बदलत नाहीत, कारण त्याची नक्षी दिसायला शाबूत असते. जोरात ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे सरकतं आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचाच टायर करतो. सहा-सात वर्षांचा, उन्हात कडक झालेला, बगलेला बारीक चिरा पडलेला टायर खाचा असूनही गोट्या टायरासारखाच. वय बगलेवर लिहिलेलं असतं: चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२४’ म्हणजे २०२४ मधला तेविसावा आठवडा. तालुक्याच्या दुकानात माल पडून राहतो, म्हणून नवा टायर घेतानाही हे आकडे वाचावेत. जवळच आयएसआयची खूण असते. २००९ च्या केंद्राच्या आदेशानं ती सक्तीची केली आहे.

प्रवासाला निघणाऱ्यांचा प्रश्न थोडा निराळा. चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली, तिथून एका बाजूला वनवैभव, हेमलकसा आणि भामरागड, दुसऱ्या बाजूला सिरोंचा आणि गोदावरीचा पूल ही वाट आता नागपूर-हैदराबादकडचे स्वारही धरतात. त्यांच्या गाड्या साडेतीनशे सीसीच्या, टायर पुढे १०० आणि मागे १२० रुंदीचे. दुकानात त्यांना ‘८०-२०’, ‘५०-५०’ अशी वर्गवारी सांगितली जाते, म्हणजे किती टक्के डांबर आणि किती टक्के कच्चा रस्ता. हे आकडे कुठल्याही प्रमाणित चाचणीतून येत नाहीत, विकणाऱ्याचा तो अंदाज असतो. या वाटेवर नव्वद टक्के अंतर डांबरी आहे. उघड्या नक्षीचा टायर तिथे लवकर झिजतो, आवाज करतो आणि ओल्या डांबरावर टेकलेलं रबर कमी असल्यानं उलट कमी धरतो. मध्ये कडक आणि कडेला मऊ रबर असलेला, उथळ ठोकळ्यांचा टायर पुरतो. पर्लकोटा नदीचं पाणी भामरागडच्या पुलावर चढलं, तर अलीकडच्या गावात मुक्काम करावा. त्या वेळी टायर कोणता याला अर्थ नसतो.

जंगलातलं पंक्चर हा मात्र खरा अभ्यासाचा विषय. बाभळीचा काटा आणि खिळा ट्यूबलेसला फारसे घाबरवत नाहीत. हवा हळू जाते, दोरी भरली की काम होतं. तोडलेल्या बांबूचा तिरपा खुंट मात्र बगल फाडतो, आणि बगलेचा चिरा दोरीनं भरून चालत नाही. अशा वेळी त्याच मापाची एक ट्यूब डिकीत असली, तर ट्यूबलेस टायरात ती घालून, चिऱ्यामागे आतून जुन्या टायरचा तुकडा लावून सावकाश घरी येता येतं. तारांच्या चाकाला साधारणपणे ट्यूबच लागते. तिला ठिगळ लावणारा कुठल्याही मोठ्या गावात भेटतो, पण ती फुटते तेव्हा एकदम फुटते. दोन्हींत निवड करायची झाली तर मी अलॉय रिम आणि ट्यूबलेस घेईन, सोबत दोऱ्या, छोटा पंप आणि ती एक ट्यूब. मोबाइलची रेंज नसलेल्या पट्ट्यात हे सामान विम्याच्या कागदांपेक्षा आधी लागतं.

राहता राहिलं, टायर कधी बदलायचा ते. खाचांच्या तळाशी मिलिमीटरभर उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की कायद्यानं आणि अकलेनंही टायर संपला. आपल्याकडे बदल होतो तो बहुधा दिवाळीत, हातात धानाचे पैसे आले की. म्हणजे सगळा पावसाळा गोट्या टायरावर काढून झाल्यावर. शिवाय नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो. तो कोरड्या रस्त्यावर, बेतानं चालवत शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये झिजवावा लागतो, आणि तोवर टायर निसरडाच असतो. तेंदूपत्त्याचे पैसे मे महिन्यात हातात येतात. टायर तेव्हा घ्यावा, आठवडी बाजाराच्या चार-पाच कोरड्या फेऱ्यांत तो वापरात मुरवावा, म्हणजे मृग लागायच्या आत त्याची पकड तयार झालेली असते.